मदत हवी आहे : थार फोर बाय फोर, डिझेल की पेट्रोल?

मंडळी, घोडबंदर रोडला राहतो, ऑफिस वागळे इस्टेटला. रोजचे जेमतेम दहा-बारा किलोमीटर, तेही क्लच दाबत. पावसाळ्यात मात्र महिन्यातून दोनदा मुरबाडमार्गे माळशेजकडे, चिखलाच्या कच्च्या वाटांवर. सेकंडहँड थ्री-डोअर थार बघतोय. मॅन्युअलमध्ये 2.2 लिटर डिझेल काय, 2 लिटर पेट्रोल काय, टॉर्क 300 न्यूटन मीटरच. लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे हळू पण जोरदार गिअर) डिझेल कसं गुरगुरत, बंद न पडता चढतं, ते मनात भरलंय. पण भावाच्या बीएस-6 डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, अशाच शहरी फेऱ्यांनी भरतो. दिवा लागला की काजळी जाळायला बिचारा रात्री अकराला नाशिक हायवेने पडघ्यापर्यंत गाडी पळवून येतो! पेट्रोलला ती कटकट नाही, पण चिखलात अ‍ॅव्हरेज किती पडतं? दोन्ही चालवलेल्यांनी सांगा ना.