क्रेडिट म्हणजे जमा की उधार? आईला कसं समजावू?

सिंहगड रोडची लेक:
आई ७४ वर्षांची आहे. परवा पेन्शनचा मेसेज आला, खात्यात इतके रुपये क्रेडिट. आदल्या आठवड्यात सोसायटीत कुणीतरी तिला सांगितलं होतं की क्रेडिट म्हणजे कर्ज, त्या कार्डाच्या नादी लागू नका. झालं! आपल्या नावावर कुणी कर्ज काढलं म्हणून ती दुपारी जेवलीच नाही. मी संध्याकाळी आले तर पासबुक मांडीवर घेऊन बसलेली. "अगं, पैसे आलेत" म्हटलं तर म्हणाली, "मग कार्डातलं क्रेडिट उधार कसं? आणि नातीच्या गुणपत्रिकेवर कसले क्रेडिट?" मला नीट सांगता येईना.

कोथरूडचा निवृत्त कारकून:
ताई, एका पतसंस्थेत ३१ वर्षं कीर्द-खतावणी लिहिली. आईंना 'पत' या शब्दापासून सांगा. क्रेडिटचं मूळ लॅटिन, विश्वास ठेवणे या अर्थाचं. १९०४ साली सहकारी क्रेडिट सोसायट्यांचा कायदा आला, त्या सोसायटीला आपण पतसंस्था म्हणतो. किती नेमका शब्द! कार्डातलं क्रेडिट ते हेच, पत बघून बँक आधी पैसे देते.

पासबुक मात्र बँकेच्या खतावणीतला उतारा. वही बँकेची. आईंचे पैसे तिच्याकडे आले की ती आईंचं देणं लागते, आणि ज्याचं देणं लागतो त्याच्या खात्यात ते जमेच्या बाजूला लिहायचं. म्हणजे इथे विश्वास आईंनी बँकेवर टाकलाय. कार्डात बँक आपल्यावर टाकते.

काउंटरवर आम्ही पैसे आले की 'जमा' आणि गेले की 'नावे' एवढंच बोलायचो, माणूस निर्धास्त घरी जायचा. एका शब्दापायी म्हातारं माणूस उपाशी राहतं, याचं फार वाईट वाटलं. मेसेज मराठीत मिळतील का, शाखेत जरूर विचारा.

शिक्षिका, डेक्कन:
नातीचे ते श्रेयांक. सत्रात १५ तास वर्गातलं शिकणं किंवा ३० तास प्रात्यक्षिक, की १ श्रेयांक. २०२१ पासून ते ठेवायला ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, त्यामुळे कॉलेज बदललं तरी कमावलेलं वाया जात नाही. आजींना 'जमा'च सांगा.

सिंहगड रोडची लेक:
काका, रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. बँकेची वही म्हटल्यावर तिला लगेच उमगलं. फोनच्या कव्हरात चिठ्ठी ठेवलीय: मेसेजात क्रेडिट म्हणजे जमा, डेबिट म्हणजे नावे, कार्डावर क्रेडिट म्हणजे पत. आता माझ्या कार्डाचं बिल घेऊन बसलीय. विचारते, एका रकमेपुढे 'सीआर' लिहिलंय, ते काय?

कोथरूडचा निवृत्त कारकून:
तुम्ही भरलेले किंवा दुकानदाराने परत केलेले पैसे. एकूण बाकीपुढेच 'सीआर' असेल, तर बँक तुमचं देणं लागते. आईंना म्हणावं, तिथेही जमाच.