खंदक खणायला अक्कल लागत नाही म्हणे!

भुयारी: काल इथेच वाचलं, "वेढ्यात खरं कसब तोफचीचं. माती काय, चाबूक दाखवला की कुणीही उपसतो." डोकं फिरलं. समोरून गोळे येत असताना किल्ल्याकडे खणत न्यायचा मोर्चा पुढे कसा सरकत असेल? चौदाव्या लुईचा फ्रेंच लष्करी अभियंता व्होबाँ, त्याची पद्धत बघा. पुढचा गडी गुडघ्यांवर. फांद्यांनी गच्च भरलेली मोठी टोपली समोर ढकलत न्यायची, तिच्याआड दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणायचा आणि माती बाजूच्या रिकाम्या टोपलीत टाकायची. मागचा तोच चर अर्धा फूट वाढवणार, त्याच्या मागचा आणखी अर्धा. चौथ्यापाशी तीन फूट. सरळ नेला तर बुरुजावरचा एक गोळा अख्खी रांग झोपवणार, म्हणून नागमोडी. मजुरी लांबीवर, किल्ला जवळ आला की दर चढा. १६७३ मध्ये हॉलंडमधलं मास्ट्रिख्त चर खणायला घेतल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पडलं ते उगाच?

तोफगोळा: वाक्य माझंच आहे, नाव घेऊन बोला. चितोडला काय झालं? अकबराचे साबात, म्हणजे तटापर्यंत नेलेली झाकलेली वाट, बांधणारे कातड्याच्या ढालींआड असायचे, तरी त्याचाच दरबारी इतिहासकार अबुल फजल मान्य करतो की रोज दोनशेच्या आसपास मरत. सोनं-चांदी ओतली तेव्हा माणसं मिळाली.

भुयारी: म्हणजे चाबूक नव्हे, पैसा! आभारी आहे.

पहार: तुमचं मास्ट्रिख्त-चितोड चालू द्या. १७३९ला वसईत सान सेबास्तियनच्या बुरुजाखाली सुरुंग कुणी नेले? चिमाजी आप्पा सगळ्यांना पाठ. बेलदाराचं एक नाव सांगा. माझे आजोबा विहिरी खणायचे. पहारीच्या आवाजावरून सांगायचे, खाली कातळ भरीव आहे की फुटका. याला काय म्हणायचं, चाबूक?

काळीमाती: आवाजाचं आमच्याकडे सांगू नका. अशाच एका जाणत्याने मुरूम लागेल म्हणून खणायला लावलं, लागला काळा पाषाण. ठेकेदार आगाऊ रक्कम घेऊन पसार.

पहार: ठेकेदाराचा राग माझ्या आजोबांवर का काढताय?

काळीमाती: तुमच्या आजोबांना कोण बोललं? जाणते म्हणवणाऱ्यांना बोललो.

पहार: तेच ते! खणणारा म्हटला की फसवणारा. दर ठरवताना घासाघीस, पाणी लागलं की नारळ मालकाचा.

काळीमाती: आमच्या विहिरीला पाणी लागलंच नाही हो, नारळ कसला!

भुयारी: धागा वेढ्यांचा आहे, पाण्याचा नाही.

तोफगोळा: राहू द्या, हेच बरं चाललंय. आणि घ्या, अक्कल लागते, झालं समाधान? पण बुरुजावरच्या तोफा आमच्या तोफांनी गप्प केल्याशिवाय तो टोपलीवाला किल्ल्याच्या खंदकाच्या काठापर्यंत जिवंत पोचत नाही. व्होबाँही आधी तोफाच मांडायचा.

भुयारी: मांडायचा. ज्या जागेवर मांडायचा ती कुणी खणली होती?

तोफगोळा: चाबूक दाखवून!

पहार: हा माणूस सुधारणार नाही. काळीमाती, विहीर कुठल्या तालुक्यात आहे तुमची?