छिंग दाय, दारुहळद आणि कोलायटिस: कॅन्सर टळतो का?

उदगीरकर: धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज व व्रण) आहे, 9 वर्षं झाली. मेसालामाइन हे सूज कमी करणारं औषध रोज 2.4 ग्रॅम चालू आहे, तरी मधूनमधून आव-रक्त पडतं. छिंग दाय नावाची चिनी निळी पावडर ऑनलाइन मिळते. तिनं आतडं भरून येतं, कॅन्सरही टळतो म्हणतात. द्यावी का? दारुहळदीचं काय?

वैद्य, परभणी: दादा, ती पावडर आणू नका. गुण येतो, हे खरं. 2018 साली छापून आलेल्या जपानी चाचणीत रोज अर्धा ते दोन ग्रॅम घेणाऱ्या 70 ते 81 टक्के रुग्णांना 8 आठवड्यांत आराम पडला. नुसत्या दिखाऊ गोळ्यांवर 14 टक्क्यांना. पण स्वतःच्या मनानं पावडर घेणाऱ्या एका रुग्णाच्या फुप्फुसाच्या धमनीतला दाब वाढल्याचं कळलं आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. यकृतालाही त्रास होतो. कुणी घेतच असेल आणि चालताना धाप लागली, पाय सुजले, तर लगेच बंद करून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा.

चिनी वैद्य एकच चूर्ण सगळ्यांना देत नाहीत. रक्त, जळजळ, वारंवार कळ असेल तर 'दमट उष्णता' हे चिनी निदान धरून बाय थौ वंग थांग हा चार द्रव्यांचा कडू काढा. आतडं शांत पण शौच पातळ, भूक मंद असेल तर शेन लिंग बाय चू सान हे पचन सुधारणारं चूर्ण. शांत काळातही कडू-थंड काढा ओढत राहिलं की भूक मरते, जुलाब वाढतात. इथेच बहुतेकांचं बिघडतं.

औषधनिर्माता, नांदेड: दारुहळदीतला बर्बेरिन हा कडू घटक ह्वांग ल्येन या चिनी मुळीतही असतो. एका चाचणीत आतड्यातले पॉलिप (अस्तरावरच्या गाठी) काढलेल्यांना तो 0.3 ग्रॅम दिवसातून दोनदा, दोन वर्षांपर्यंत दिला; पॉलिप पुन्हा झाले 36 टक्क्यांना, न घेणाऱ्यांत 47. पण ते कोलायटिसचे रुग्ण नव्हते. कोलायटिसमध्ये कॅन्सर बहुधा सुजलेल्या अस्तरातल्या सपाट बदलांतून येतो, म्हणून हा आकडा भावाला लावू नका. शिवाय काढ्यात बर्बेरिन किती उतरला, हे घरी कळत नाही. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर बर्बेरिनमुळे रक्तातली त्याची पातळी वाढते. गरोदरपणी नकोच.

चिनी पाकिटावर 'मू श्यांग' म्हणजे आपली कोष्ठ ही मुळी. 'छिंग मू श्यांग' नावानं सारखं, पण वेगळं: त्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लानं मूत्रपिंड जातं, मूत्रमार्गाचा कॅन्सर होतो. चीननंही 2004 मध्ये ते बंद केलं.

पोटविकारतज्ज्ञ, संभाजीनगर: कॅन्सर टाळायचा तर आधी सूज पूर्ण बसवा. मेसालामाइन 4.8 ग्रॅमपर्यंत वाढवता येतं, जोडीला गुदद्वारातून एनिमा. तो अनेकांना लिहूनच दिला जात नाही. त्याआधी शौचात अमिबा व सी. डिफिसिल (जुलाब लावणारा जिवाणू) पाहा. स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती आवरणारी इंजेक्शनं) द्यायच्या आधी आतड्याचा टीबी नाही ना, याची खात्री हवी. टीबी आणि कोलायटिस कधीकधी सारखेच दिसतात. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळा.

कोलायटिसला 8 वर्षं झाली की कॅन्सर पाहायला मोठ्या आतड्याची दुर्बीण (कोलोनोस्कोपी) लागतेच. तुमच्या भावाची वेळ आलेली आहे. पीएससी (पित्तनलिकांना सूज येऊन त्या आकसण्याचा आजार) असेल तर निदानापासून दरवर्षी. रक्त पडत असताना केली तर सूज आणि पूर्वकर्क बदल वेगळे ओळखणं अवघड, म्हणून कॅल्प्रोटेक्टिन (शौचातून आतड्याची सूज मोजणारी तपासणी) 250 च्या खूप खाली आल्यावर करा. पण सूज हटतच नसेल तर थांबू नका. आतड्यावर रंग फवारून पाहतात का, तेही विचारा. आधीचे 3 दिवस ज्वारीची भाकरी, तीळ, पेरू, डाळिंब बंद; मऊ भात, ताक. जुलाबाचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या 5 तास आधी.