मीडियमकडून स्पष्ट निरोप मिळतो का? माझ्या आईचं सगळं धूसरच येतंय

ओलीपाटी:
आईला जाऊन आठ महिने झाले. शेवटचे दोन दिवस तिला बोलता येत नव्हतं, ओठ हलायचे पण आवाज नाही, तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते काय हे माझ्या डोक्यातून जातच नाही. म्हणून दोन मीडियमकडे, म्हणजे गेलेल्यांचे निरोप आणतो म्हणणाऱ्यांकडे, बसून आले, एकदा समोरासमोर, एकदा व्हिडिओ कॉलवर. पहिल्या वेळी खूप रडले, वाटलं आलीच आई. पण नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तर त्या म्हणतायत "छातीपाशी काहीतरी जड वाटतंय", मी लगेच "हो, फुप्फुसं", मग त्या "हो, श्वासाचा त्रास दाखवतायत". म किंवा न अक्षर म्हणाल्या तर मावशीचं नाव मीच देऊन टाकलं. ज्यांना खरंच जमतं ते लोक स्पष्ट कसं ऐकतात? काही तयारी असते का, की प्लँचेट जास्त बरं? वाद नकोय, खरंच विचारतेय.

तिसरीखुर्ची:
ताई, मी सहा वर्षं एका छोट्या ग्रुपमध्ये मीडियम म्हणून बसते, म्हणून आतली बाजू सांगते. आम्हाला वाक्य ऐकू येत नाही, निदान मला तरी नाही. एखादं चित्र येतं, कधी वास, कधी नुसतं अंगाला काहीतरी जाणवतं, आणि घोळ होतो तो त्याचा अर्थ लावताना. एकदा मला चष्मा आणि जाडजूड वही दिसली आणि मी सरळ बोलून गेले, "शिक्षक होते ना?" समोरची बाई नाही म्हणाली आणि मग उरलेली पाऊण तास बैठक मी ते शिक्षक कुठेतरी बसवायच्या मागे, काका, शेजारी, कोणीतरी असेलच म्हणून. तेव्हा फक्त चष्मा आणि वही म्हणून गप्प बसायला हवं होतं. स्पष्टपणा म्हणाल तर तो एवढाच, दिसलं ते दिसलं तसं सांगायचं, अर्थ लावायचा नाही, आणि काही आलं नाही तर आज काही नाही असं म्हणायची हिंमत ठेवायची. जो मीडियम कधीच "आज काही नाही" म्हणत नाही त्याच्यापासून सांभाळून. आणि तुम्ही तिथे फक्त हो, नाही, माहीत नाही एवढंच बोला. जमल्यास स्वतः जाऊच नका, आई कोण हे अजिबात माहीत नसलेल्या कुणाला तरी तुमच्या वतीने बसवा. ही पद्धत जुनी आहे, शंभरेक वर्षांपूर्वी लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्या, म्हणजे असले अनुभव तपासून बघणाऱ्या संस्थेच्या लोकांनी अशा बैठका घेतल्यात, समोरच्याचा चेहरा वाचून उत्तरं मिळू नयेत म्हणूनच.

कोरापान:
वरच्या ताईंनी प्रामाणिकपणे लिहिलंय, पण दुसरी बाजूही सांगतो, कारण बाबा गेल्यावर मीही दोन वर्षं हेच करत होतो.

स्पष्ट निरोपाची खरी परीक्षा अगदी मनापासून विश्वास असलेल्या लोकांनीच घेतलीये. त्याच सोसायटीचे फ्रेडरिक मायर्स, १८८२ च्या स्थापनेपासूनचे, त्यांनी एक मजकूर लिहून सीलबंद लिफाफा सोसायटीतलेच शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांच्याकडे ठेवला, की मेल्यावर यातलं मीडियममार्फत कळवीन. १९०१ ला ते गेले. मग एका बाईंच्या आपोआप लिहिल्या जाणाऱ्या लेखनात "लिफाफ्यात अमुक आहे" असं आलं, १९०४ मध्ये उघडला, आणि जुळलं नाही. जादूगार हुडिनीने बायकोबरोबर सांकेतिक शब्द ठरवले होते, तो १९२६ ला गेला, १९२९ मध्ये एका मीडियमने ते सांगितलेही, पण त्यांची ती सांकेतिक भाषा आधीच छापून आलेली होती. बायकोने १९३६ पर्यंत दर वर्षी बैठका घेतल्या, आणि शेवटच्या बैठकीनंतर त्या थांबवल्या.

प्लँचेटचं म्हणाल तर असंच आपोआप सरकणाऱ्या टेबलाबद्दल शास्त्रज्ञ फॅरेडेने १८५३ मध्येच दाखवलंय, टेबलावर हात ठेवणारेच नकळत ते ढकलतात, आणि ढकलतोय हे त्यांना खरंच कळत नाही. म्हणजे कोणी फसवतंय असं नाही हो. पण तुमच्या बोटाखालून आलेलं उत्तर तुमचंच असायची शक्यता फार मोठी, आणि आईचं म्हणून तुम्ही ते आयुष्यभर धरून बसाल याची मला भीती वाटते.

एक करा, रेकॉर्डिंग आहेच. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा, एका बाजूला तुम्ही आधी बोललात ते, दुसऱ्या बाजूला त्यांनी तुम्ही बोलायच्या आधी सांगितलेलं. माझ्या दुसऱ्या बाजूला पाच ओळी होत्या, त्यातल्या तीन कुणालाही लागू पडल्या असत्या.

रात्रपाळी:
मीडियमचं मला कळत नाही, मी शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची नर्स आहे, फक्त ओठांबद्दल बोलते. तुमच्या आईंचं काय होतं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण शेवटी शेवटी श्वासाबरोबर जबडा आणि ओठ हलतात, आवाज नसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूस बोलतोय. घरातले जवळपास सगळे मला हेच विचारतात, काय म्हणत होते हो? त्यामुळे अडकून राहिलेलं वाक्य असेलच असं नाही. आणि उलट दिशेने बघा, २०२० मध्ये कॅनडातल्या एका हॉस्पिसमधला, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना ठेवतात तिथला अभ्यास आला, ईईजी म्हणजे मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र लावून बघितलं तर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या काही पेशंटचा मेंदूही आवाज टिपत होता. म्हणून मी घरच्यांना सांगते, बोलत राहा. तुम्ही बोलत होतात ना तेव्हा?

अजून एक, गेलेल्याचं अस्तित्व जाणवणं यात वेड काही नाही. १९७१ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी वेल्समधल्या एका डॉक्टरने २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं, जवळजवळ निम्म्यांनी असं काहीतरी जाणवतं म्हणून सांगितलं, आणि बहुतेकांनी त्याआधी कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं. त्यासाठी मध्ये कोणी बसावं लागत नाही.

ओलीपाटी:
सगळ्यांना धन्यवाद. रेघ मारली. पहिल्या बैठकीत माझी बाजू पान भरून, त्यांच्या बाजूला चार ओळी, त्यातली एकच मला सोडवत नाहीये, "उशीखाली रुमाल". आई ठेवायची. पण बऱ्याच जणांच्या आया ठेवत असतील हेही कळतंय. तिसरीखुर्ची ताई, पुढच्या वेळी मी स्वतः जात नाही, मैत्रिणीला बसवते, तिने आईला कधी पाहिलेलं नाही आणि तिला मी काहीच सांगणार नाहीये.

रात्रपाळी ताई, हो, बोलत होते. लाइट बिल भरलं, मांजर जेवली, असलंच काहीतरी, मोठं काही सुचलंच नाही. आठ महिने मला याचीच लाज वाटत होती. तुमचं वाचल्यापासून त्या दोन दिवसांत मी तिला काय काय सांगितलं ते आठवून लिहून काढतेय.