हात वर केला की मुंग्या, टीओएस निघालंय. पुण्यात कुणाला दाखवू? (बजेट २ लाख)

फळा_खडू
नमस्कार मंडळी. कोथरूडला राहते, वय ३८, शाळेत गणित शिकवते. गेले ८ महिने उजव्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात मुंग्या येतात, फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला घेतलं की दोन-तीन मिनिटांत हात जड होतो आणि खडू सुटतो, मुलं आता न सांगता उचलून देतात. घरी काठीने दांडीवर कपडे वाळत घालणं बंद, ते काम नवऱ्याकडे गेलं हा एकच फायदा. एकांनी स्पॉन्डिलायसिस म्हणून मानेला पट्टा दिला, दुसऱ्यांनी कार्पल टनेल म्हणून मनगटाला स्प्लिंट. मानेचा एमआरआय नॉर्मल, एनसीव्ही (नसांची करंट देऊन तपासणी) नॉर्मल. तिसऱ्या डॉक्टरांनी साधा एक्स-रे काढला तर मानेत दोन्ही बाजूंना जादा बरगडी! आता थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम (टीओएस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नसा मानेच्या तळाशी दाबल्या जातात) म्हणतायत आणि ऑपरेशन करून ती आणि तिच्याखालची पहिली बरगडी काढू म्हणतात. ऑपरेशन खरंच लागतं का, आणि यातलं नक्की कळणारं कोण? मेडिक्लेम २ लाखांचा आहे, त्याच्यावर जमणार नाही, ते धरून सांगा प्लीज.

पेठेतला_पाहुणा
ताई, माझ्या मेव्हणीचं हेच ऑपरेशन मुंबईला केलं, सव्वापाच लाख झाले पण रूम बघाल तर हॉटेल झक मारेल. तब्येतीच्या बाबतीत पैशाकडे बघू नका एवढंच सांगेन.

फळा_खडू
पैशाकडे मी नाही हो, पैसेच माझ्याकडे बघत नाहीत.

गाडीवाला_बाप्या
दुचाकीवर हेल्मेट घालता का? माझी मान त्यानेच गेली. दीड किलो वजन रोज डोक्यावर, मणक्याचं काय होणार. मी सोडलं, महिन्यात मुंग्या गायब.

सिग्नलला_थांबणारी
आणि डोकं गेलं तर मुंग्या कायमच्याच गायब. आला का हेल्मेट विषय, आता धागा संपला.

अण्णा_निवृत्त
ऑपरेशनच्या नादी लागू नका. आमच्याकडे मालीशवाले येतात, मानेला कडकड झटका देतात, पाच मिनिटांत मोकळं. हवा असेल तर नंबर देतो.

फिजिओ_वहिनी
अण्णा, रागावू नका, पण जादा बरगडी असलेल्या मानेला झटका देऊ नका, तिथून नसा आणि धमनी दोन्ही जातात. ताई, मी २० वर्षं फिजिओ आहे, थोडं लांबेल. जादा बरगडी शंभरात एखाद्यालाच असते आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही, म्हणजे एक्स-रेत दिसली की तीच गुन्हेगार असं नाही. मानेतले दोन स्केलीन स्नायू आणि खाली पहिली बरगडी असा एक त्रिकोण असतो, हाताकडे जाणाऱ्या नसा त्यातून येतात, तिथेच दाबल्या जातात. हा आजार असलेल्या शंभरातल्या जवळपास ९५ जणांत नसांचा प्रकार असतो, उरलेल्यांत शीर किंवा धमनी. एनसीव्ही नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असंही नाही, या प्रकारात ती बऱ्याचदा नॉर्मलच येते. करंगळीकडे मुंग्या म्हणजे कार्पल टनेल वाटत नाही, त्यात अंगठा आणि पहिली दोन बोटं धरतात. घरी करून बघा: पोलिसांनी 'हात वर' म्हटल्यासारखे दोन्ही हात करा, कोपर काटकोनात, तीन मिनिटं मुठी उघडा-बंद करा. तेवढं जमतं का, नेमका कुठला हात आधी खाली येतो? कुणी मान वळवून नाडी बघितली आणि ती लागली नाही तर घाबरू नका, धडधाकट माणसांचीही कधीकधी लागत नाही. आणि मुख्य म्हणजे अंगठ्याखालचा मांसल भाग दोन्ही हातांचा शेजारी शेजारी ठेवून बघा, उजवा बसल्यासारखा दिसला तर वाट बघू नका.

फळा_खडू
वहिनी, आत्ता केलं. सव्वा मिनिटात उजवा खाली आला, डावा पूर्ण तीन मिनिटं टिकला. मांसल भाग सारखाच वाटतोय, लेकीनेही बघितला. फिजिओ चार महिने झाली, झोप जरा सुधारली, फळा नाही.

जिम_प्रभात_रोड
माझं २०१९ ला झालं. शोल्डर प्रेसला ८० किलो मारायचो (तेव्हा जिममध्ये तेवढं कुणीच मारत नव्हतं). सकाळी उठलो तर हात सुजून निळा. शिरेत गुठळी. कॅथेटर घालून विरघळवली, नंतर बरगडी काढली. उशीर करू नका ताई, माझं ऐका.

फिजिओ_वहिनी
तो शिरेचा प्रकार, दादा. त्यात पहिले दोन आठवडे खरंच महत्त्वाचे असतात. ताईंना सूज नाही, निळेपणा नाही, त्यांना वेळ आहे.

बारा_टाके
मी केलंय म्हणून लिहिते. काखेतून केलं, दोन दिवसांत घरी म्हणाले होते, फुप्फुसाला धक्का लागून त्याच्याबाहेर छातीत हवा भरली आणि नळी घालून पाच दिवस पडून होते. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण आधी हे होऊ शकतं असं एका शब्दाने सांगितलं नव्हतं याचाच राग आहे. आता पोळ्या लाटते, गाडी चालवते, पण पूर्ण बरं वाटायला सात महिने गेले. सर्जनला तीन गोष्टी विचारा: वर्षाला अशी किती करता, काखेतून की कॉलरच्या हाडाच्या वरून, आणि श्वासाच्या पडद्याची नस दुखावली तर काय. जादा बरगडी असेल तर वरून केलेलं बरं असं मला नंतर दुसऱ्यांनी सांगितलं, नसा समोर दिसतात आणि स्केलीनही त्याच छेदातून सोडवता येतो.

पेठेतला_पाहुणा
मेव्हणीचंही काखेतूनच. व्रण दिसतसुद्धा नाही. सव्वापाच लाख.

नवा_सदस्य_४१२
मानेचा एमआरआय काढलात का?

फळा_खडू
पहिलीच पोस्ट वाचा हो.

फिजिओ_वहिनी
ऑपरेशनआधी स्केलीन ब्लॉकबद्दल विचारा. सोनोग्राफीत बघून स्नायूत भुलीचं औषध देतात, काही तासांपुरतं. तेवढ्यात आराम पडला तर ऑपरेशनचाही फायदा व्हायची शक्यता चांगली.

गाडीवाला_बाप्या
माझ्या हेल्मेटच्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलेलं नाही.

फळा_खडू
मंडळी, तीन आठवड्यांनी अपडेट. ब्लॉक घेतला. संध्याकाळी घरी येऊन कपाटावरचा डबा काढला, मग दाराआडच्या कॅलेंडरवर उभ्या उभ्या सगळ्या रविवारांना गोल केले, एकदाही पेन सुटलं नाही, आणि मूर्खासारखी रडले. सकाळपर्यंत मुंग्या परत. म्हणून ऑपरेशन करतेय, वरून. पण पुण्यात नाही, मुंबईतही नाही, मिरजेला. मावशी तिथे आहे, सर्जनना प्रश्न विचारले तर कागदावर चित्र काढून समजावलं, आणि मेडिक्लेममध्ये बसतंय. मे महिन्यात, पेपर तपासून झाले की.

सिग्नलला_थांबणारी
पुण्यात दर चौकात हॉस्पिटल असताना मिरज??

अण्णा_निवृत्त
मिरज पूर्वीपासून डॉक्टरांचंच गाव आहे, आमचे वडील मोतीबिंदूला तिथेच गेले होते. तरी मालीश एकदा करून बघायला हवं होतं.

जिम_प्रभात_रोड
मे पर्यंत थांबू नका.

बारा_टाके
वरून ना, मग ठीक. सोबत पुढून बटणांचे सैल गाऊन न्या, डोक्यावरून घालायचं काहीही नको. आणि कोयनेने जाणार असाल तर बॅग उचलू नका.

फळा_खडू
डाव्या खांद्याला घेईन.

बारा_टाके
डावीकडेही बरगडी आहे ना तुम्हाला? नवऱ्याकडे द्या. कपडे वाळत घालतोय, बॅगही धरेल.