तंजावरात अवचित गवसलेले क्षण : आपलेही अनुभव सांगावेत

रानजाई
कपाट आवरताना तंजावरची मान डोलावणारी बाहुली हाती लागली आणि तेथील एक दुपार आठवली, म्हणून हा धागा काढते आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बृहदीश्वराच्या आवारात शिरलो तेव्हा फरशी इतकी तापली होती, की काथ्याच्या पट्टीवरून पाऊल जरा बाजूला पडले तरी चटका बसे. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या त्या मंदिराचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा, ६० मीटरांहून उंच आहे. ते मान वर करून पाहत असतानाच पावसाची जोरदार सर आली आणि सगळे ओवऱ्यांकडे धावले. तापल्या दगडातून वाफा निघू लागल्या, आणि उन्हात पिवळसर दिसणारे ते विमान शिखरापासून एकेक थर काळवंडत खाली आले. शेजारी टेकलेल्या तमिळ कुटुंबाने न विचारताच केळीच्या पानाच्या तुकड्यावर चिंचभात वाढला. तो खात मागे वळले, तर भिंतीवर देवनागरी अक्षरे, आणि भाषा मराठी! दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास तो हाच, हे तेव्हा ध्यानात आले. तो तेथे आहे हे पुस्तकात वाचले होते. परंतु शोधत गेले असते तर इतका आनंद झाला नसता, असे मला अजूनही वाटते. पाऊस उघडेपर्यंत आम्ही दोघी बहिणी हवेतच बोट फिरवीत ओळी लावीत बसलो होतो.

अटकेपार
श्वार्ट्झचे चर्च कोणीच कसे सांगितले नाही? शिवगंगा तलावालगत १७७९ साली बांधलेली ती साधी पांढरी इमारत आहे. आम्ही गेलो तेव्हा आत अंधार होता. राखणदार काकांनी एकही शब्द न बोलता बाजूची खिडकी उघडली आणि उन्हाचा पट्टा थेट संगमरवरी शिल्पावर पडला. मिशनरी श्वार्ट्झ मृत्युशय्येवर आहे आणि त्याचा शिष्य सरफोजी त्याचा हात हाती घेऊन उभा आहे, असे ते शिल्प लंडनच्या फ्लॅक्समनने घडविले आहे. राजवाड्यातील सरफोजींचा पुतळाही त्याचाच. तेथे राजे हात जोडून उभे आहेत. तो पुतळा सारेच पाहतात, हे शिल्प मात्र पाहायचे राहून जाते.

खडीसाखर
डबे भरता भरता लिहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयात माणसांचे चेहरे पशुपक्ष्यांच्या चेहऱ्यांशी ताडून दाखविणारी फ्रेंच चित्रकार शार्ल ल ब्रं याची चित्रे मांडलेली आहेत. ताडपत्रांपुढे कंटाळलेला माझा मुलगा त्यांच्यापाशी थबकला आणि घुबडासारख्या एका गृहस्थाकडे बोट दाखवून आमच्या एका नातलगाचे नाव मोठ्याने घेऊ लागला. शेजारच्या वृद्ध तमिळ बाईंना शब्द कळले नाहीत, पण अर्थ पुरता कळला. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.
रानजाई, तो शिलालेख नेमका कोणत्या बाजूला आहे? आम्ही आवाराला पूर्ण प्रदक्षिणा घातली, तरी दिसला नाही.

दक्षिणायन
खडीसाखर, नैर्ऋत्य कोपऱ्याकडच्या ओवरीत पाहावे. माझे आजोळ तंजावरचे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तेथे स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी एक. मंदिराची सावली जमिनीवर पडत नाही, असे वाटाडे आजही पर्यटकांना सांगतात. मे महिन्यात आम्ही भावंडे त्याच सावलीत लंगडी खेळत होतो. तिन्हीसांजेला गावकरी तेथे नुसते गप्पा मारायला येतात, आणि दिवसभर तापलेला दगड तेव्हा पाठ शेकण्याइतपत कोमट झालेला असतो.
माझा क्षण मात्र १३ किलोमीटरवरच्या तिरुवैयारूचा आहे. कावेरीकाठी कर्नाटक संगीतातील संत-रचनाकार त्यागराजांच्या समाधीपाशी आराधनेच्या, म्हणजे त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतोत्सवाच्या, दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मी गेलो तो आडवार होता. एक सायकलस्वार आला, पायरीशी चपला काढल्या, डोळे मिटून त्यागराजांची एक कृती, म्हणजे गीतरचना, अथपासून इतिपर्यंत गायला आणि हँडलची दुधाची किटली सावरीत निघून गेला. आवाज बेताचाच होता, पण ताल कोठेही ढळला नाही.

अटकेपार
दक्षिणायन, सावलीची ती कथा मी आजवर चार जणांना खरी म्हणून सांगितली आहे. आता त्यांना आपली लंगडी सांगावी लागेल.

रानजाई
खडीसाखर, पुन्हा जाल तेव्हा चार वाजल्यानंतर जा. मुलाच्या पायांना चटके बसणार नाहीत. आणि तो नातलग कोण, हे सांगितल्याशिवाय आम्ही आपल्याला सोडणार नाही.

खडीसाखर
ते या धाग्यावर वाचक म्हणून आहेत.