शटडाउनसाठी तंबू, आसरा-केबिन आणि स्टोअर कंटेनर: परवानग्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या?

शटडाउन_नियोजक विचारतात:

नमस्कार मंडळी. हायड्रोकार्बन प्लांटमध्ये साधारण चार महिन्यांचं शटडाउन (देखभालीसाठी युनिट बंद) आहे, शेजारचं युनिट मात्र चालूच राहणार. तेवढ्या काळासाठी उभं करायचंय ते असं: ६ बाय १२ मीटरचा कापडी छताचा विश्रांती-तंबू (एका वेळी ६० माणसं), वीस फुटी सहा कंटेनर (चार हत्यारं-सामानासाठी, एक रंग-थिनरसाठी, एक गॅस गळतीच्या वेळी आसऱ्यासाठी), सिलिंडरचा पिंजरा आणि जनरेटरसाठी डिझेल टाकी.

ठेकेदाराचं म्हणणं, "पाया नाही, चार महिन्यांनी उचलायचं आहे, परवानगी कशाला?" जागा त्याने सुचवलीय ती चालू युनिटच्या कुंपणालगतची मोकळी पट्टी, कामाला जवळ म्हणून. अर्ज कशाकशाचे करायचे, कोणत्या क्रमाने, आणि फाइल नेमकी कुठे अडकते?

---

नकाशा_शिक्का:

पाया नसला तरी माणसं आत बसणार आहेत ना, मग परवानगी लागते. आकडे ठिकाणागणिक बदलतात, तुमचा स्थानिक नियम आधी वाचा. अंदाज यावा म्हणून सांगतो: आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेत १८० दिवसांपेक्षा कमी काळ उभी राहते ती तात्पुरती रचना. त्यातही १२० चौरस फुटांहून (सुमारे ११ चौ. मी.) मोठी असेल आणि दहा किंवा जास्त माणसं जमणार असतील तर परवाना हवा. त्याच कुटुंबातली अग्निसंहिता तंबूसाठी ४०० चौरस फुटांची, म्हणजे ३७ चौ. मी.ची रेघ ओढते. युरोपातलं ईएन १३७८२ हे मानक ५० चौ. मी.हून मोठ्या तंबूंना लागू होतं. तुमचा ७२ चौ. मी.चा तंबू यातल्या कुठल्याच रेघेखाली मावत नाही.

दिवस मोजायचे ते काम सुरू झाल्यापासून नाहीत, तंबू उभा राहिल्यापासून. सामान महिनाभर आधी येतं आणि काम संपल्यावरही तंबू "राहू दे, लागेल" म्हणून तसाच राहतो. चार महिन्यांचे सहा झाले की कायम इमारतीचे निकष मानगुटीवर बसतात. म्हणून अर्जातच काढण्याची तारीख लिहा आणि ती पाळणाऱ्याचं पद लिहा.

क्रम: आधी जागा, मग वापर आणि माणसांची संख्या, मग वाऱ्याचं गणित, मग आग आणि वीज, मग तुमच्या आतल्या बदल-व्यवस्थापनाची म्हणजे एमओसीची सही, आणि सगळ्यात शेवटी बाहेरचा परवाना. बहुतेक ठिकाणी हे उलटं चालतं. कंटेनर फाटकावर येऊन उभे राहतात आणि मग जागा शोधली जाते.

संख्येचंच बघा. टेबल-बाकं मांडलेल्या जागेसाठी माणशी १५ चौरस फूट, म्हणजे साधारण १.४ चौ. मी. धरतात. ७२ भागिले १.४ म्हणजे ५१ माणसं. तुमची ६० बसत नाहीत. एक तर दोन पाळ्यांत विश्रांती द्या, नाहीतर तंबू ६ बाय १५ चा करा. एवढी माणसं असली की दुसरं दार लागतंच, आणि दोन्ही दारं शेजारीशेजारी चालत नाहीत, त्यांच्यातलं अंतर तंबूच्या कर्णाच्या निम्म्याहून कमी नको. ६ बाय १२ चा कर्ण १३.४ मीटर, म्हणजे दारांत किमान ६.७ मीटर.

फाइल अडकते ती बहुधा दोन कागदांवर. पुरवठादाराची गणितं वेगळ्याच मापाच्या तंबूची असतात, किंवा कापडाचा ज्वालारोधक दाखला दुसऱ्याच मालाचा असतो. कापडावर शिवलेलं लेबल आणि दाखल्यावरचा बॅच क्रमांक जुळतो का, हे माल उतरवून घेतानाच बघा. तंबू ताणून झाल्यावर ते लेबल घडीत जातं आणि मग तपासनीस शिडी मागतो.

---

ब्लास्ट_झोन:

ती कुंपणालगतची पट्टी आधी विसरा. बाकी सगळं नंतर.

२३ मार्च २००५, टेक्सास सिटी रिफायनरी. आयसोमरायझेशन युनिट (पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणारं) सुरू करताना ब्लोडाउन ड्रममधून (जादा दाबाचा माल सोडतात ती टाकी) हायड्रोकार्बन उसळून बाहेर पडला, ढग पेटला. १५ जण गेले, सुमारे १८० जखमी झाले. मेलेले सगळे कंत्राटी कामगार होते, ड्रमजवळ ठेवलेल्या ट्रेलर-केबिनमध्ये (सगळ्यात जवळची चाळीस मीटरच्याही आत) किंवा त्यांच्या आसपास. लक्षात घ्या, ते पेटलेल्या युनिटवर कामाला नव्हतेच, शेजारच्या युनिटच्या शटडाउनवर होते, आणि इकडे स्टार्टअप चाललंय हे त्यांना कळवलेलं नव्हतं. तुमची मांडणी हुबेहूब तीच आहे: काम एका युनिटवर, केबिन दुसऱ्या, चालू युनिटला खेटून.

त्यानंतर २००७ मध्ये हलवता येणाऱ्या इमारतींसाठी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ७५३ आणि २०१४ मध्ये तंबूंसाठी एपीआय ७५६ ही मार्गदर्शक तत्त्वं आली. गाभा सोपा आहे: ज्याचं त्या ठिकाणी काम नाही त्याला धोक्याच्या पट्ट्यात बसवू नका. विश्रांती, जेवण, कार्यालय, हजेरी यांतलं काहीही युनिटला चिकटून असायची गरज नसते. दहा मिनिटं जास्त चालावं लागतं, तक्रारी येतात, येऊ द्या.

जागा ठरवताना स्फोट, आग आणि विषारी वायू हे तीन प्रश्न वेगवेगळे सोडवा, एकाच वर्तुळात कोंबू नका. स्फोटाचं अंतर ठरतं ते पाइप-यंत्रांनी गच्च भरलेल्या भागाच्या आकारमानावरून, टाकीत किती माल आहे त्यावरून नाही. तंबूचं कापड अंगावर पडून माणूस सहसा मरत नाही, पण सांगाडा कोसळतो, लटकवलेले दिवे-पंखे सुटतात. आणि उष्णतेच्या झळेपासून किंवा वायूपासून तंबू काडीचंही संरक्षण देत नाही. ते तुमच्या यादीतल्या आसऱ्याच्या कंटेनरचं काम.

एमओसीत प्रत्येक रचनेला स्वतंत्र क्रमांक द्या. "सहा कंटेनर" अशी एक ओळ लिहिली की त्यातला एक हळूच पट्टीकडे सरकतो आणि कागद तरीही खरा ठरतो. शेजारच्या युनिटचं स्टार्टअप किंवा शटडाउन असेल त्या दिवशी कोणत्या केबिन रिकाम्या करायच्या, तेही त्याच कागदावर असू द्या.

---

वाराबांधणी:

तंबूच्या परवानगीत सगळ्यात पोकळ कागद असतो तो वजन बांधणीचा. गणित इथेच करून दाखवतो.

वाऱ्याचा दाब = ०.६ गुणिले वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रति सेकंदात, दाब न्यूटन प्रति चौ. मी.मध्ये). वेग ३९ मी./से., म्हणजे ताशी १४० किमी धरला तर दाब ९१२. छत ७२ चौ. मी., उचलीचा (वारा छत वर खेचतो त्याचा) गुणांक सोयीसाठी १ धरू. उचल झाली ६५.७ किलोन्यूटन, म्हणजे ६.७ टन. दीडचा सुरक्षा गुणांक लावला की १० टन. तंबूचं स्वतःचं वजन चौरस मीटरला १० किलो धरलं तर पाऊण टनही भरत नाही. उरले साधारण ९.३ टन, आठ पायांत वाटले तर पायाला १.१६ टन. एक मीटर चौरस आणि अर्धा मीटर उंच काँक्रीटचा ठोकळा १.२ टनांचा होतो. म्हणजे दर पायाला एक, जेमतेम. खरा गुणांक छताच्या उतारावर आणि बाजू उघड्या की बंद यावर ठरतो. तीन बाजू बंद आणि वाऱ्याकडची उघडी, ही सगळ्यात वाईट अवस्था, कारण आतून फुगवणारा दाब वरच्या उचलीत मिळतो. ऊन आलं म्हणून कोणी तीन पडदे सोडले की मंजूर गणित तिथेच संपलं.

दोनशे लिटरचे पाण्याचे पिंप लावतात, त्यातला एक २०० किलोंचा. पायाला सहा लागतील. लावलेले दिसतात दोन, आणि त्यातला एक गळका.

खुंट्या ठोकायच्या असतील तर प्लांटमध्ये त्याला खोदकामाचाच परवाना लागतो. मीटरभर खोल जाणारी खुंटी केबल आणि अग्निशमन लाइन दोन्ही गाठू शकते. जमिनीखालचा नकाशा भरवशाचा नसेल तर ठोकळेच बरे.

कंटेनरबद्दलही तोच गैरसमज. रिकामा वीस फुटी साधारण सव्वादोन टनांचा, लांब बाजू १५.७ चौ. मी. बाजूवरचा गुणांक १.३ आणि घर्षण ०.४ धरलं तर ताशी ९७ किमीला तो सरकतो आणि १४८ च्या आसपास उलटतो, छताची उचल धरली तर त्याआधीच. एकावर एक ठेवायचे असतील तर कोपऱ्यांना ट्विस्टलॉक (दोन कंटेनर जोडणारी फिरती खीळ) आणि खाली अँकर, त्याशिवाय नको. शटडाउन संपताना कंटेनर रिकामे होत जातात, तेव्हाच हे आठवत नाही.

पाया नाही म्हणता, पण भार जमिनीत जातोच. भरलेला २४ टनांचा कंटेनर चार कोपऱ्यांवर उभा असतो, कोपऱ्याला ६ टन. जमिनीची क्षमता १०० किलोपास्कल असेल तर प्रत्येक कोपऱ्याखाली पाऊण मीटरहून थोडा मोठा चौरस पाट लागतो. नुसत्या स्लीपरवर ठेवलात तर पावसानंतर एक कोपरा खचतो, चौकट पिळवटते आणि दार अडकतं. आसऱ्याच्या केबिनचं दार अडकणं परवडणार नाही.

---

गॅस_आणि_गोदाम:

आसऱ्याचा कंटेनर आणि रंगाचा कंटेनर यांच्या गरजा बरोब्बर उलट आहेत. एकात हवा शिरता कामा नये, दुसऱ्यात खेळती हवी.

आधी आसरा. बाहेर वायूचं प्रमाण स्थिर आहे असं धरलं, तर तासाला ०.१ वेळा हवा बदलणाऱ्या केबिनमध्ये तासाभराने बाहेरच्या १० टक्के वायू असतो. ०.५ वेळा बदलत असेल तर ३९ टक्के, २ वेळा तर ८६ टक्के. खिडकीचा एसी बसवलेला साधा कंटेनर "बंद" दिसतो, असत नाही. म्हणून अर्जासोबत पंख्याने दाब देऊन केलेल्या गळती-चाचणीचा आकडा जोडा, नुसतं "सीलबंद" लिहू नका. एसीच्या हवेच्या वाटेवर गॅस डिटेक्टर आणि आपोआप बंद होणारा डँपर (हवेची झडप) हवा.

माणसं किती, हे बाकड्यांवरून ठरवू नका. आतली हवा ३३ घनमीटर, बसलेला माणूस तासाला १८-२० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बारा जण असले तर तासाला ०.७ टक्के वाढ. ३ टक्के ही पंधरा मिनिटांच्या संपर्काची मर्यादा, तिथे चार तासांत पोहोचाल. त्याआधी उकाडाच माणसांना हरवेल, कारण माणशी १०० वॉट धरले तर बारा जणांचे १.२ किलोवॉट, तेही उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत. ढग निघून गेल्यावर दारं उघडून लगेच बाहेर यायचं, हेही आत मोठ्या अक्षरांत लिहा. त्या वेळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा चांगली असते आणि माणसं मात्र घाबरून आतच बसतात.

मालवाहू कंटेनरचं कुलूप बाहेरून लागतं. आसऱ्यासाठी वापरायचा तर आतून उघडणारं दार बसवल्याशिवाय मंजुरी मागूच नका. दार-खिडकीसाठी भिंत कापली की चौकटीची ताकद जाते, तिथे पोलादी चौकट वेल्ड करून इंजिनिअरची सही घ्या.

आता थिनर. टोल्युइनची स्फोटाची खालची मर्यादा १.१ टक्के. ३३ घनमीटरला ३६३ लिटर वाफ पुरते, आणि एक लिटर द्रवाची साधारण २२५ लिटर वाफ होते. म्हणजे दीड लिटरच्या थोडं वर सांडलं तर अख्खा कंटेनर पेटण्याजोगा. वाफ जड, तळाशी साचते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी पुरतं. खाली आणि वर, समोरासमोरच्या भिंतींना कायम उघड्या जाळ्या हव्यात. कारखान्यातून येतात ते छोटे झरोके यासाठी कामाचे नाहीत. आत स्विच-दिवा असेल तर तो स्फोटरोधक, तळाला गळती धरणारी परात, आणि अर्जात "रंगसाहित्य" असं मोघम न लिहिता लिटरमध्ये प्रमाण.

सिलिंडर: ऑक्सिजन आणि इंधनवायू यांत ६ मीटर अंतर, किंवा मध्ये दीड मीटर उंच, अर्धा तास आग सोसणारी भिंत. रिकामेही भरलेल्यांसारखेच मोजा. डिझेल टाकीभोवती टाकीच्या ११० टक्के मावेल असा बांध, आणि त्याचा नळ बंद करून कुलूप. पाऊस काढायला उघडलेला नळ तसाच राहतो, मग बांध नावापुरता. जनरेटर तंबूपासून ६ मीटर दूर. अंतर ताणदोराच्या खुंटीपासून मोजतात, कापडाच्या कडेपासून नाही. आराखड्यावर दोर दाखवलेच नाहीत तर तिथेच दीड-दोन मीटर हरवतात आणि बंबाचा रस्ता अरुंद होतो.

---

शटडाउन_नियोजक:

धन्यवाद सर्वांना. पट्टी रद्द, विश्रांती-तंबू प्रशासन इमारतीच्या बाजूला हलवतोय, दोन पाळ्यांत. दोन शंका. हत्यारांच्या चारपैकी एका कंटेनरलाच दार लावून आसरा म्हणून दाखवता येईल का? आणि वीज कडाडत असताना तंबू चालेल का?

---

गॅस_आणि_गोदाम:

नाही. हत्यारांच्या कंटेनरमध्ये दुसऱ्या आठवड्यात जाण्याची वाट उरत नाही. आसऱ्याची केबिन रिकामीच ठेवा, बाहेर पाटी: क्रमांक, कमाल माणसं, चाचणीची तारीख, मुदत.

वाराबांधणी:

विजेपासून तंबू किंवा उघडी शेड हा आसरा नव्हे. पूर्ण बंद धातूची केबिन, दार लावलेली गाडी किंवा पक्की इमारत. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल तर आत, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनी बाहेर. परवान्याच्या कागदात तंबू रिकामा करण्याचा वाऱ्याचा वेगही पुरवठादाराकडून लिहून घ्या आणि जवळच वेगमापक लावा. उतरवताना कापड आधी, मग सांगाडा, ठोकळे सगळ्यात शेवटी. क्रेन मोकळी आहे म्हणून ठोकळे आधी उचलले जातात आणि अर्धवट तंबू उडतो तो तेव्हाच.